खळ्यावरचा रुंबा

फाल्गुन लागला की सांगलीच्या हवेत हळद उतरते. आमचं घर बाजारपेठेपासून तसं लांब, पण वारा फिरला की वास येतोच. ओल्या हळदीचा वास वेगळा, मातीचा, थोडा आल्यासारखा. हा वाळलेल्या, पोत्यांत भरलेल्या, दहा-पंधरा दिवस ऊन खाल्लेल्या हळदीचा. बाजारात ट्रक रांगेनं उभे राहतात, हमालांच्या पाठी पिवळ्या होतात, रिक्षावाल्यांच्या कॉलरीसुद्धा. सून म्हणते, आई, या दिवसांत कपडे गच्चीवर वाळत घालायला नकोत. मी म्हणते, घाल. जरा पिवळे झाले तर काय बिघडलं?

या दिवसांत ओट्यापाशी उभी असले की माझा उजवा पाय आपसूक बाजूला सरकतो. डावा त्याच्याजवळ जातो. मग उजवा मागे. सुनेनं एकदा विचारलं, गुडघा दुखतोय का? मी म्हटलं, नाही, रुंबा करतेय. ती हसली. तिला वाटलं, मी चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती ती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कृष्णाकाठच्या एका खेड्यात, नऊवारी लुगडं नेसून, शेणानं सारवलेल्या खळ्यावर मी रुंबा शिकले. त्यापायी गावानं मला नाची म्हटलं. मला त्याची लाज कधी वाटली नाही, असं लिहायचा मोह होतो. पण ते खोटं होईल. पहिले चार दिवस वाटली. पाचव्या दिवसापासून वाटली नाही, ती आजतागायत नाही.

दुसरी मोठी लढाई संपली, त्याच्या पुढच्या हळदीची ही गोष्ट. माझं माहेर रहिमतपूरचं. वडिलांनी हौसेनं सातवीपर्यंत शिकवलं आणि मग फौजेतल्या मुलाशी लग्न लावून दिलं. सासरच्या गावात घराआड एक शिपाई होता. मामंजी स्वतः पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. भिंतीवर त्यांचं पदक खिळ्याला टांगलेलं असे आणि दसऱ्याला हत्यारांबरोबर त्याचीही पूजा होई. लग्नासाठी ह्यांना रजा मिळाली होती अठ्ठावीस दिवसांची. त्यातले सहा लग्नाच्या धामधुमीत आणि देवदर्शनात गेले. उरलेल्या बावीस दिवसांत भर उजेडात आम्ही एकमेकांशी दोन-तीनदा बोललो असू. मग हे गेले ते थेट इटलीत. पत्र यायचं मामंजींच्या नावानं, आणि घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून ते वाचायची मी. शेवटी ‘घरातील सर्वांस नमस्कार’ असे. त्या ‘सर्वांस’मध्ये मी. तो शब्द मी जरा सावकाश वाचत असे.

त्यानंतर एक पत्र आलं ते ह्यांच्या अक्षरात नव्हतं. नदीच्या काठावर सुरुंगावर पाय पडला, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, जिवाला धोका नाही. तेही मीच वाचलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई जात्यावर बसल्या होत्या. त्यांनी दळण थांबवलं नाही. फक्त खुंटा धरलेला हात वरून खाली सरकला.

पुण्याच्या लष्करी दवाखान्यात काही महिने काढून पौषाच्या शेवटी हे घरी आले. काखेत कुबडी, हातात एक लांबट लाकडी पेटी. पेटीत पाय होता. लाकडाचा, वर चामड्याची वादी आणि बकलं, खाली बूट घातलेला. त्याला तेलाचा आणि नव्या खोगिराचा वास येत होता. तो पाय बघायला अर्धं गाव लोटलं. हे पाय बांधून दाखवायला उठले आणि सोप्याच्या उंबऱ्यात अडखळून सगळ्यांच्या देखत पालथे पडले. मामंजींनी आणि शेजारच्या एका गड्यानं त्यांना दोन्ही काखांत धरून उचललं, जसं धान्याचं पोतं उचलतात तसं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं हे मला पुढं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेटी कोठीत गेली आणि हे सोप्यातल्या बाजेवर. बाहेर माघाचं ऊन होतं, शेतातून हळदीचा पाला कापल्याचा हिरवा वास येत होता, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. परसात जायचं तर कुबडी. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, माझा ल्योक लढाईवरनं आलाय, त्येला आता बसून खाऊ द्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. कुबडीवरच्या शिपायाला गावात मान होता. पण हे चोवीस वर्षांचे होते.

मग आठ-दहा दिवसांनी साताऱ्याहून कागद आला. तिथल्या एका लष्करी कचेरीत दफ्तरी पाहिजे होता. जखमी होऊन आलेल्यांना आधी संधी. काम सोपं, फायलींचे गठ्ठे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचे. पण खाली एक ओळ होती. दोन्ही हात मोकळे ठेवून चालता आलं पाहिजे. पाडव्यानंतर येऊन चालून दाखवायचं. ती ओळ मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा, मामंजी मळ्यात गेल्यावर, फक्त ह्यांना.

हे म्हणाले, न्हाई जमायचं. मी विचारलं, पुण्यात चालत होता का? पुन्हा विचारलं. म्हणाले, चालत हुतो. मग तिथं कसं जमलं? भिंतीकडे बघत बाजेच्या सुंभाला म्हणाल्यासारखं म्हणाले, “नाचून.”

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर फ्रान्सिस नावाचा एक गोव्याचा माणूस होता. फौजेच्या बँडमध्ये वाजवायचा, खांदा मोडून आलेला. ह्यांना दोन लाकडी दांड्यांच्या मधून चालायला शिकवत, आणि दांड्या संपल्या की हे पडत. फ्रान्सिस चार दिवस बघत राहिला आणि म्हणाला, तू चालू नकोस, चालण्यानंच तू पडतोस, तू रुंबा कर. त्यानं ह्यांचे हात धरले, तोंडानं शीळ घातली आणि पावलं शिकवली. लाकडी पायाला जमीन कळत नाही, म्हणून माणूस घाबरून आधी अंगाचा भार टाकतो आणि मग पाय कुठं पडला ते बघतो. रुंबात उलटं. आधी पाऊल ठेवायचं, रिकामंच. ते टेकलं का ते बघायचं. मग गुडघा सरळ करायचा, आणि मगच भार. दीड महिन्यात हे वॉर्डभर हिंडायला लागले होते, पण फ्रान्सिस समोर असेपर्यंतच.

“समोर कुनीतरी लागतं,” हे म्हणाले. “एकट्याला भ्या वाटतं.”

मी विचारलं, रुंबा म्हणजे काय? हे म्हणाले, क्युबा म्हणून लांबचा मुलूख आहे, तिथला नाच. बाया-बाप्ये मिळून करत्यात. हात धरून. मग घाईनं म्हणाले की आमच्यात फ्रान्सिसच बाई व्हायचा.

मला हसू आलं. लग्नानंतर ह्यांच्यासमोर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. म्हटलं, “मी हाय की. मला शिकवा.”

घरामागं खळं होतं. ताजं सारवलेलं, टणक, ताटासारखं सपाट. हळद काढायला अजून अवकाश होता, त्यामुळं मोकळं. चुलीतली राख आणून मी ह्यांनी सांगितला तसा चौकोन काढला, हातभर लांब, हातभर रुंद. ह्यांनी पाय बांधला, कुबडी कडब्याच्या गंजीला टेकवली आणि माझे हात धरले. त्या हातांना घाम फुटला होता. माझ्याही.

पावलं अशी. बापयाचा डावा पाय बाजूला, उजवा त्याच्याशेजारी, मग डावा पुढं. पुढच्या फेऱ्यात उजवा बाजूला, डावा शेजारी, उजवा मागं. चौकोन पुरा. बाईनं आरशासारखं उलटं करायचं. पहिली दोन पावलं चटकन, तिसरं हळू. फ्रान्सिस ते इंग्रजीत मोजायचा. मला ते शब्द तोंडात बसेनात, म्हणून मी म्हटलं, झट, झट, दमानं. तेच कायम झालं.

ऐकायला सोपं. पण डावा पाय बाजूला टाकायचा म्हणजे तेवढा वेळ सगळं अंग उजव्यावर. नाचाची सुरुवातच लाकडावर उभं राहून करायची होती. पहिल्या दिवशी आम्ही ते पहिलं पाऊलसुद्धा टाकलं नाही. नुसते हात धरून उभे राहिलो. ह्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दुसऱ्या दिवशी एक पाऊल झालं. तिसऱ्या दिवशी दोन, आणि दोघंही पडलो. माझा कोपर सोलवटला. हे म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, राख पुसली नाही अजून.

मी काही चांगली शिकणारी नव्हते. सारखी पायांकडे बघायची. हे म्हणत, “खाली बघू नगंस गं. माज्याकडं बघ, मग मलाबी खाली बघाय लागत न्हाई.” लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि नवऱ्याचा चेहरा मी उजेडात नीट पाहिला नव्हता. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता, तो मला तेव्हा कळला. डोळे काळे नव्हते, गुळाच्या ढेपेच्या रंगाचे होते. माघातल्या सकाळी अंगावर ऊन, पायाखाली गार शेण, तोंडासमोर माणूस. नाच मला अजून येत नव्हता, पण तेवढ्यासाठी तरी तो कुणीतरी काढला असेल, असं वाटलं.

आणखी एक गोष्ट कळायला वेळ लागला. बाईला मागं जावं लागतं, मागचं दिसत नसताना. मी आधी सरले तरच ह्यांना पुढं येता येई. मी अडखळले की हे अडखळत. आमच्याकडं बाई नवऱ्याच्या मागं चार पावलं चालायची, रस्त्यानं, बाजाराला, देवळात. इथं मीच पुढं होते आणि तोंडही त्यांच्याकडं होतं. सगळी रीतच उलटी झाली होती. ह्यांचा भार लाकडावर आला की नाही, ते मला त्यांच्या डाव्या तळहातावरून कळायला लागलं. आधी तो दाबायचा, आणि भार नीट बसला की हलका व्हायचा. मग मी म्हणायची, झट.

आणि कंबर. पाऊल टेकवून गुडघा सरळ केला की कंबर आपोआप हलते. मी ती हलू नये म्हणून ताठ धरायची. हे म्हणाले, फ्रान्सिस म्हणायचा, कंबर हलवायची नसते, तिला हलू द्यायचं असतं. पाटावरवंट्यावर वाटताना हलते की. खरंच हलते. मग मी तिला हलू दिलं.

तिथंच घात झाला. खळ्याच्या पलीकडून पाणवठ्याची वाट जायची. घागरी घेऊन जाणाऱ्या बायकांनी आधी थांबून पाहिलं, मग घोळक्यानं पाहायला येऊ लागल्या. त्या जमायला लागल्यापासून चौथ्या दिवशी नदीवर धुणं धुताना माझ्या शेजारचा दगड रिकामा राहिला. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, शिकल्याली हाय न्हवं, शाळंत नाची केली तिला. मी लुगडं आपटत राहिले. घरी येताना पाय जड झाले होते, आणि त्या दिवशी खळ्यावर मी कंबर पुन्हा ताठ धरली. ह्यांनी विचारलं, काय झालं? सांगितलं. हे हात सोडवून कुबडीकडं निघाले आणि दुसऱ्याच पावलाला पडले. त्यांना बसतं करताना मला इतका राग आला, नदीवरच्या बायकांचा, गावाचा, त्या सुरुंगाचा, की लाजेला जागाच उरली नाही. मी म्हटलं, उठा. आजचे दहा चौकोन व्हायचेत.

मामंजी आधी बूट पाहून बोलले. खळ्यावर लक्ष्मी येते, तिथं कुणी पायताण घालून चढत नाही, हे शिपाईगड्याला सांगावं लागतं का, असं आत्याबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणजे मला. त्यात ते चुकत नव्हते. मी लाकडी पायाचा बूट काढला आणि त्याला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलं. त्यानं उलट पकड चांगली आली. मामंजींनी ते पाहिलं आणि विड्या घेऊन बाहेर गेले.

त्यानंतर हळद निघाली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना काय सांगावं. कुदळीनं गड्डे उकरायचे, बायकांनी बसून हळकुंडं मोडायची, काहिलीत शिजवायची. काहिलीवर हळदीचाच पाला झाकतात. वाफ येते ती डोळ्यांत जाते आणि डोळ्यांतून पाणी येतं, आणि तरी माणसं काहिलीजवळ बसतात, कारण त्या वाफेला एक गोड, मातकट, औषधी वास असतो. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. कुत्रीसुद्धा पिवळी. मळ्यातली वीस-पंचवीस माणसं खळ्याच्या कडेला, आणि शिजलेली पहिली काहील संध्याकाळपर्यंत खळ्यावर पसरायची होती. तोपर्यंत खळं मोकळं. आम्ही रोजच्यासारखे सकाळी उभे राहिलो. लोकांसमोर उभं राहायचं ते मीच ठरवलं होतं. साताऱ्याला लोकांसमोरच चालायचं आहे, असं मी ह्यांना म्हटलं होतं.

दुसऱ्या चौकोनाला मामंजी आले. सगळ्यांच्या समोर, आवाज न चढवता ते म्हणाले की आता पुरे. ह्या घरात तीन पिढ्या फौजेत गेल्या, कुणी नाचाला गेलं नाही. माझ्या सख्ख्या भावाचं मढंसुद्धा बसऱ्याहून आलं नाही, तरी आम्ही मान खाली घातली नाही. कुबडीत लाज नसते. पण बायकोचा हात धरून उघड्यावर कंबर हलवण्यात असते. सोड तिचा हात आणि आत चल.

काहिलीखालचं जळण फुटत होतं तेवढाच आवाज. ह्यांचा तळहात सैल पडला. तो आता सुटणार, हे मला कळलं. आणि हेही कळलं की आज सुटला तर पाडव्यानंतर साताऱ्याला जाणं नाही, आणि बाजेवरचं ते भिंतीकडचं तोंड पुन्हा वळणार नाही. मी डोक्यावरचा पदर दातात धरला होता, तो सोडला. मामंजींशी मी तोवर कधी समोरून बोलले नव्हते.

“मामंजी, मी हात सोडते,” मी म्हटलं. “पन मग तुमी धरा. कुनीतरी धराय पायजे.”

मामंजींचा हात हलला नाही. ते माझ्याकडं बघतही नव्हते, ह्यांच्याकडं बघत होते. त्या माणसानं लेकाचा हात शेवटी कधी धरला असेल, कोण जाणे. आज वाटतं, त्यांना धरायचा असेलही. पण इतक्या लोकांत तो कसा धरायचा, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

उठल्या त्या आत्याबाई. त्या हळकुंडं मोडायला बसल्या होत्या. मांडीवरचे गड्डे त्यांनी खाली सारले, हात लुगड्याला पुसले. रंग काही गेला नाही. खळ्यावर चढल्या, ह्यांचा उजवा हात माझ्या हातातून काढून घेतला आणि मला विचारलं, “कसं म्हनतीस त्ये? मला सांग.”

मी म्हटलं, झट, झट, दमानं.

त्या म्हणाल्या, “ह्यो पयला चालाय लागला तवाबी म्याच हात धरला हुता. तवा कुनी काय म्हनलं न्हाई.” हे त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या नाहीत, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

तिघांनी एक चौकोन केला. वेडावाकडा. आत्याबाईंनी तिन्ही पावलं झटच टाकली, दमानं त्यांना ठाऊकच नव्हतं. ह्यांचं गोणपाट माझ्या पायावर पडलं. पण कुणी पडलं नाही. मान वर केली तेव्हा मामंजी तिथं नव्हते, नदीच्या वाटेनं त्यांचा पागोट्याचा शेमला दिसत होता. बायका पुन्हा हळकुंडं मोडायला लागल्या. त्यांच्यातली एक जण आपल्या शेजारणीला हळूच म्हणाली की आता म्हातारीबी नाची झाली. आत्याबाईंनी वळून सांगितलं की व्हय, झाली.

त्या सातवीच्या जोरावर पुढं मी सगळं आयुष्य मास्तरीण म्हणून काढलं, हजारभर मुलांना पाढे शिकवले. धीट बाई म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला पुस्तकातलं कुणी आठवत नाही. ते दोन शब्द आठवतात.

त्या संध्याकाळी खळ्यावर हळद पसरली आणि पुढं पंधरा-वीस दिवस तिथं पाऊल ठेवायला जागा नव्हती. गावात दुसरी सपाट जागा एकच, चावडीपुढची फरशी. हे नको म्हणत होते. मी सकाळी भाकरी आटपून पेटी उचलली आणि चावडीच्या वाटेला लागले. म्हटलं, ज्यांना बघायचंय त्यांना आमच्या परसात वाकून बघायला लागतं, त्यांची मान दुखेल. पहिल्या दिवशी फरशीभोवती जत्रा जमली. पोरांनी शिट्ट्या घातल्या, एकानं ढोलकी आणू का म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी निम्मे आले. आठव्या दिवशी चावडीवर तंबाखू मळत बसणारे दोन म्हातारे तेवढे उरले, आणि तेही पुढं बघेनासे झाले. तेच तेच पाऊल किती बघणार? हसणारं गाव मला त्यानंतर कधी मोठं वाटलं नाही. त्याचा दम आठ दिवसांचा असतो. आपला नववा दिवस असला की झालं.

पाडव्याच्या आधल्या आठवड्यात ह्यांनी माझे हात सोडले. मी समोर होते, दोन हात अंतरावर, आणि मागं सरत होते. फरशीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हे आले. मग मी बाजूला झाले. हे एकटे परत गेले. ओठ हलत होते. नंतर कुणी ह्यांना चालताना नीट पाहिलं असतं तर लक्षात आलं असतं की दोन पावलं जरा चटकन पडतात आणि तिसरं थांबून. ती चाल शेवटपर्यंत तशीच राहिली. डॉक्टर म्हणत, सुधारता येईल. हे म्हणत, कशाला?

साताऱ्याला मी बरोबर गेले होते. कचेरीच्या बाहेर झाडाखाली बसले. तिथून लांब व्हरांडा दिसत होता. ह्यांच्या दोन्ही हातांवर हनुवटीपर्यंत फायली रचल्या, खालचं काही दिसू नये इतक्या. मला वाटलं, मुद्दाम रचल्या. पण ज्याला खाली बघायचंच नाही त्याला काय. हे गेले आणि आले. पुन्हा गेले, आणि येताना एक कारकून अंगावरून धावत गेला तर हे थांबून बाजूला झाले आणि पुन्हा निघाले. नोकरी लागली.

मामंजींनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. कुणी विचारलं तर सांगत, ल्योक साताऱ्याला नोकरीला आहे. आम्ही बिऱ्हाड हलवलं तेव्हा ते मळ्यातून आले नाहीत. पुढं जाणं-येणं राहिलं, नातवंडांना त्यांनी खांद्यावर खेळवलं, माझ्या हातची भाकरी खाल्ली. पण मला त्यांनी माफ केलं असं मला वाटत नाही. मीही माफी कधी मागितली नाही. ते गेले तेव्हा मी रडले, ते खरं रडले. तरी त्या सकाळचं एकही अक्षर मला परत घ्यावंसं वाटलं नाही. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या पोटात राहू शकतात.

आणखी एक सांगायचं आहे. आमच्या नाचाला कधी गाणं नव्हतं. ह्यांनी फक्त फ्रान्सिसची शीळ ऐकली होती, आणि मी तीही नाही. रुंबाचं वाद्य कसं, चाल कशी, मला माहीतच नव्हतं.

पुढच्या वर्षी गोरे साहेब लोक देश सोडून निघाले. कचेरीच्या मोठ्या साहेबांना निरोप म्हणून कॅम्पात दुपारच्या चहाचा कार्यक्रम झाला. शामियाना, खाली ताडपत्री, पुण्याहून आणलेला बँड. पुढच्या खुर्च्यांवर साहेब आणि मडमा, मागच्या बाकांवर आम्ही, कारकून, शिपाई आणि त्यांची घरची माणसं. चहा झाल्यावर साहेबांची जोडपी उठून नाचायला लागली. दोन-तीन नाच झाले. मग बँडवाल्यानं काहीतरी जाहीर केलं आणि त्यात मला एकच शब्द कळला.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे बँडकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता. वाजत होतं ते भलतंच जलद होतं. डबे आपटल्यासारखा ठेका, खुळखुळा, मडमांचे पाय नुसते लवलवत होते. फ्रान्सिसनं लंगड्या माणसासाठी त्याची गती किती खाली आणली होती, ते आम्हाला तेव्हा कळलं. हे म्हणाले, आपलं चुकीचं होतं गं सगळं.

मला ते खपलं नाही. मी चपला बाकाखाली सरकवल्या आणि उठले.

“त्येंचं त्येनी करू द्यात,” मी म्हटलं. “आपलं आपुन करू.”

आम्ही कडेला, जिथं ताडपत्री संपत होती तिथं, उभे राहिलो. मी अनवाणी, नऊवारीत. हे खाकी पोशाखात, एका बुटात पाय आणि दुसऱ्यात लाकूड. हेडक्लार्क आमच्याकडं बघून हातानं बसा, बसा करत होता. एका मडमेनं नाचता नाचता मान वळवली. बँड त्याच्या घाईनं चालला होता. मी मोजायला लागले, बँडकडं लक्ष न देता, चावडीपुढं मोजायची तसंच. ह्यांचा तळहात दाबला गेला, मग हलका झाला. आम्ही एक चौकोन केला. दुसरा केला. आमच्या एका पावलात त्यांची चार-चार होत होती.

मग बँड थांबला. टाळ्या वाजल्या, जोडपी हात सोडून खुर्च्यांकडं निघाली, ताडपत्री मोकळी झाली. आमच्या चौकोनाची अजून तीन पावलं राहिली होती. ह्यांनी हात सोडला नाही. सगळा शामियाना बघत होता, आणि आम्ही ती तीन पावलं टाकली, शेवटचं सगळ्यात दमानं, आणि मग आमच्या बाकावर येऊन बसलो.